१ जून

आमच्या अण्णांचा वाढदिवस १ जूनला असतो. म्हणजे, सरकारचं तसं म्हणणं आहे. शाळेच्या दाखल्यावर, सर्व्हिस बुकात, पॅनकार्डावर, आधारकार्डावर, सगळीकडे १ जून १९४९. खरा जन्म कधीचा हे विचारायला आता आजी नाही, आणि आजी होती तेव्हा कुणी विचारलं नाही.

तुमच्याही घरात असा एखादा १ जूनवाला असणारच. काका, आजोबा, सासरे, कुणीतरी. आमच्या मुलांना हा प्रकार माहीत नाही म्हणून सांगते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा झाला १९६९ साली. त्याआधी खेड्यात नोंद व्हायची ती कोतवाल बुकात, आणि तीही झाली तर. पोरगं शाळेत घालायला नेलं की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं! मग जन्मतारीख? आईबापाला सांगता येत नाही. शाळा जूनमध्ये सुरू होणार, पोराला सहा पूर्ण हवीत, म्हणून गुरुजी सरळ १ जून लिहून मोकळे. महाराष्ट्रात दरवर्षी ३१ मेला निरोप समारंभांची जी रांग लागायची, ती त्या लेखणीमुळे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिनाअखेरीस निवृत्त होतो. अण्णाही ३१ मे २००७ ला निवृत्त झाले.

१९५५ च्या जूनमध्ये आमच्या गावात (खटाव तालुक्यातलं एक कोरडं गाव, पुसेगावच्या पुढे) पाच पोरांनी एकाच सकाळी कान धरले. पाचांचीही तारीख १ जून १९४९. पुढे पाचही जण जिवाभावाचे दोस्त झाले. एक एसटीत ड्रायव्हर झाला, एक मुंबईला गिरणीत गेला आणि १९८२ च्या संपानंतर परत आला, एक लवकरच वारला, एकानं वडिलांचा मळा सांभाळला आणि अण्णा प्राथमिक शिक्षक झाले. आम्हां मुलांना त्यांची नावं कधी लागलीच नाहीत. गिरणीवाले काका, एसटीवाले काका, मळ्यातले काका. लहानपणी १ जूनला आमच्या अंगणात मैफल जमायची. आई शिरा करायची आणि पाच घोडे एकमेकांना 'शतायुषी भव' म्हणून खिदळायचे.

२०२४ चा १ जून शनिवारी आला. पंचाहत्तरी, आणि शनिवार-रविवार जोडून! दादानं व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला, वहिनीनं साताऱ्याहून केक आणायचं ठरवलं, आत्यानं 'शांत झालीच पाहिजे' असा हुकूम सोडला. (आत्या, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. हुकूमच होता तो!) पंचाहत्तरीला ऐंद्री शांत करतात. भटजीबुवांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, जन्मतिथी आणि नक्षत्र काय? अण्णा म्हणाले, "ते आमच्या गुरुजींना विचारावं लागेल, आणि ते १९७१ साली वारले." शांत तिथेच शांत झाली. त्याऐवजी पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचं ठरलं.

आता अडचणीची गोष्ट. पाचांतले तीन उरले होते, आणि त्या तिघांतले दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. अण्णा आणि मळ्यातले काका. अठ्ठावीस वर्षं! एकाच गावात राहून, एकाच देवळात जाऊन.

ते भांडण मी ऐकलंय. १९९६ चा मे महिना, मी कॉलेजातून सुट्टीला आले होते आणि चहा घेऊन पडवीत गेले होते. काकांचा मुलगा सैन्यात जायची तयारी करत होता. आमच्याकडे भरती हा घराघरातला विषय. पहाटे रस्त्यानं पळणारी पोरं बघतच आम्ही मोठ्या झालो. त्याचं वय चार महिन्यांनी जास्त भरत होतं. अण्णा तेव्हा गावातल्याच प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक. काकांचं म्हणणं एवढंच, की शाळेच्या जुन्या रजिस्टराचा उतारा वर्ष पुढे करून द्यावा, म्हणजे हायस्कूलच्या दाखल्यातली तारीख चुकली असं म्हणून दुरुस्ती मागता येईल.

अण्णा म्हणाले, जमायचं नाही.

काका म्हणाले, "आरं मास्तर, आपल्या तारखा तरी कुठं खऱ्या हैत?"

अण्णा म्हणाले, "आपल्या गुरुजींना आपली तारीख ठाऊक नव्हती. मला तुझ्या पोराची ठाऊक आहे. मीच लिहिलीय."

काकांनी चहा घेतला नाही. उठले, चपला घातल्या आणि गेले. तो कप मी परत आत नेला. त्यानंतर ते आमच्या अंगणात आले नाहीत. एसटीवाले काका वारले तेव्हा दोघे स्मशानात दोन टोकांना उभे होते.

यातलं 'मीच लिहिलीय' हे नुसतं तोंडचं वाक्य नव्हतं, ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. अण्णांनी नोकरीला लागल्यापासून एक ठरवलं होतं, आपण १ जून लिहायचा नाही. कुणी बाई पोराला घेऊन आली की तिला बसवायचे, पाणी द्यायचे आणि विचारायला लागायचे. सण कुठला जवळ होता? ज्वारी उभी होती का काढली होती? पाऊस होता का? चांदणं होतं का अंधार? बाई आठवून आठवून सांगायची. "बेंदूर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी." "जत्रंचा रथ निघाला त्या सांजंला." घरी एका पत्र्याच्या ट्रंकेत दरवर्षीचं दाते पंचांग जपून ठेवलेलं असायचं. सहा वर्षांमागचं पंचांग काढायचं, तिथीवरून तारीख काढायची आणि रजिस्टरात लिहायची. एकेका पोरापायी एकेक संध्याकाळ जायची. आम्हांला लहानपणी वाटायचं, सगळे शिक्षक संध्याकाळी हेच करतात!

तर मी काय केलं, कुणाला न विचारता मळ्यातल्या काकांच्या मुलाला फोन केला. दादाला कळलं तेव्हा तो भडकला. "चांगल्या दिवशी आग लावू नकोस." नवरा म्हणाला, "येणार नाहीत, काळजी करू नका." मुलगा फोनवर म्हणाला, "सांगून बघतो." बस्स, एवढंच.

शुक्रवारी रात्री आम्ही पुण्याहून पोचलो. खंबाटकीला नेहमीप्रमाणे अडकलो, पोरं गाडीत झोपली. घरी पोचलो तर आई परातीत कणीक घेऊन दिवे वळत बसली होती. पंचाहत्तर दिवे, एकसारखे, जणू साच्यातून काढलेत. मी म्हटलं, "दे, थोडे मी करते." म्हणाली, "तुझे वाकडे होतात. झोप जा."

शनिवारी सकाळपासून माणसं. आमरस-पुरी, भरली वांगी, मसालेभात. उकाडा असा की बोलायची सोय नाही, आणि दिवे विझतील म्हणून पंखे बंद! ओवाळताना अण्णांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत दिवेच दिवे दिसत होते. त्यांची जुनी विद्यार्थिनी आली होती, आता पन्नाशीची, पुसेगावला तिचं शिलाईचं दुकान आहे. दादानं आग्रह केला म्हणून ती दोन शब्द बोलायला उभी राहिली. "आम्ही चार बहिणी. तिघींची तारीख १ जून. माझी एकटीची जुलैची. गुरुजींनी आईला दोन तास बसवून घेतलं होतं. माझ्या बहिणी म्हणायच्या, हिला बघा, हिला स्वतःचा वाढदिवस आहे." एवढं बोलून ती रडायलाच लागली. अण्णा खाली बघून हातातल्या नारळाची शेंडी उपसत होते.

संध्याकाळी सहा वाजता पुरुषमंडळी टीव्हीपुढे सरकली. त्याच दिवशी लोकसभेचं शेवटच्या टप्प्याचं मतदान संपत होतं आणि साडेसहानंतर एक्झिट पोल येणार होते. गिरणीवाले काका आणि आमचे मामा आधीच आवाज चढवून बसले होते. तेवढ्यात अंगणात मोटरसायकल थांबली.

मळ्यातले काका मुलाच्या मागे बसून आले होते. डोक्याला फेटा, हातात काठी. फार वाळले होते. घरात एकदम शांतता पसरली, फक्त टीव्हीवर आकडे ओरडत होते. गिरणीवाल्या काकांनी उठून टीव्ही बंद केला. (त्या दिवशी, त्या वेळी, टीव्ही बंद करणं म्हणजे काय त्याग आहे हे ज्याला कळतं त्याला कळतं.)

काका पडवीत आले, आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्या जागेवरून उठले होते तिथेच बसले. मी धावत आत गेले आणि चहा टाकला. हात थरथरत होते हे कबूल करते.

बाहेर आले तेव्हा काका खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढत होते. तीत साखर कारखान्याच्या उसाच्या बिलाचा एक जुना कागद, चार घड्या घातलेला. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं.

"म्हातारी आंथरुणाला खिळली व्हती तवा इचारून ठिवलं," काका म्हणाले. "तुजं. तुज्या आईच्या बाळंतपणाला म्हातारीच व्हती. द्यायचं ऱ्हायलं."

काकांच्या आई १९९९ मध्ये गेल्या. म्हणजे बोलचाल बंद असताना त्यांनी हे विचारून ठेवलं होतं, आणि पंचवीस वर्षं हा कागद जपला होता!

अण्णांनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचलं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी. आजी भिंतीवर नाग काढत होती आणि तिथेच कळा सुरू झाल्या. वेळ दिवेलागणीची. काका आठ दिवसांनी थोरले. साल, गांधीजी गेले त्याच्या पुढच्या श्रावणात.

आता 'पुढच्या श्रावणात' म्हणजे कुठल्या? गांधीजी गेले ३० जानेवारी १९४८ ला. लगेचचा श्रावण धरला तर १९४८, त्याच्या पुढच्या वर्षीचा धरला तर १९४९. यावर तिघा म्हाताऱ्यांनी अर्धा तास असा वाद घातला की एक्झिट पोलवाले लाजले असते. हिशेब करून निघालं ते असं. पंचाहत्तरी एकतर नऊ-दहा महिन्यांपूर्वीच होऊन गेली होती, किंवा दोन महिन्यांनी व्हायची होती. फक्त १ जूनला ती नक्की नव्हती! आणि आम्ही केक कापून बसलो होतो.

भांडणाबद्दल मात्र दोघंही एक अक्षर बोलले नाहीत. काकांनी चहा घेतला. बशीत ओतून, फुर्र करून. निघताना म्हणाले, "पंचमीला मळ्यात ये. खरा वाढदिवस तिथं करू." अण्णा "बरं" म्हणाले. झालं. आम्ही ज्याची अठ्ठावीस वर्षं वाट पाहिली ते 'बरं' या दोन अक्षरांत उरकलं.

इथे गोष्ट संपली असती तर गोड झाली असती, पण काकांचा मुलगा गाडीजवळ उभा होता आणि मी त्याला केकची बशी द्यायला गेले. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, दादाच्या वर्गातला. आता कोंबड्यांची शेड आहे त्याची, बरं चाललंय. मी म्हटलं, "तुला बोलवताना मला फार अवघड वाटत होतं." तो थोडा वेळ केक खात राहिला. मग म्हणाला, "अजून २६ जानेवारीला टीव्हीवर परेड लागली की मी उठून बाहेर जातो." आणि नंतर म्हणाला, "गुरुजींचं चुकलं नाही. पण माझं गेलं."

मला यावर काही बोलता आलं नाही. अजूनही येत नाही. अण्णांच्या त्या उत्तराचा मला आयुष्यभर अभिमान वाटत आलाय. आजही वाटतो. पण त्याची किंमत कुणी भरली ती मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा समोर उभी पाहिली. एकाच रजिस्टरानं एकीला वाढदिवस दिला आणि दुसऱ्याची वाट अडवली, आणि दोन्ही वेळा रजिस्टर खरंच बोलत होतं.

रविवारी सकाळी घर सैलावलं. अण्णांनी माळ्यावरून ट्रंक काढायला लावली आणि पंचांगं पसरून बसले. अर्थात, सगळ्यात जुनं पंचांग त्यांच्या नोकरीच्या वर्षांतलं, त्यांच्या स्वतःच्या जन्माचं त्यात कुठून असणार? तरी चाळत होते. खुशीत होते. माझ्या मुलाला ती गंमत वाटली. आई परातीतले कालचे दिवे गाईला घालायला निघाली होती, तिला त्यानं विचारलं, "आजी, तुझा बर्थडे कधी असतो?"

"माझा? काल झाला की."

सगळे हसले. आई हसली नाही. म्हणाली, "आधारकार्ड बघ."

१ जून १९५४. आईलाही चौथीपर्यंत शाळेत घातलं होतं, तिच्याही गुरुजींची लेखणी तीच. पोरानं बोटांवर मोजलं आणि म्हणाला, "म्हणजे सेव्हन्टी? काल?"

कुणी काही बोलेना. खरं सांगते, आईची तारीख मला माहीत नव्हती असं नाही. तिच्या बँकेचे, पॅनकार्डाचे, मोतीबिंदूच्या विम्याचे फॉर्म मीच भरलेत. १ जून १९५४ हे मी स्वतःच्या हातानं कितीदा लिहिलंय. चार महिने आम्ही १ जून, १ जून करत होतो, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. अंगणात १ जूनला शिरा व्हायचा तो कोण करत होतं? पाच जणांच्या वाढदिवसाला सहावा माणूस स्वयंपाकघरात होता.

आई परात कमरेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती. आमची तोंडं बघून तिलाच कसंतरी झालं असावं. "अगं, एवढं काय! पंचाहत्तरातले पाच काढले की माझेच दिवे होते ते."

अण्णांनी हातातलं पंचांग मिटलं. चष्मा वर केला आणि तिच्याकडे बघून, शाळेतल्या त्या आवाजात विचारलं, "तुझी आई कधी काही बोलली होती का? सण कुठला होता?"

"बावन्न वर्षांनी विचारताय होय!" आई म्हणाली. पण परात खाली ठेवली आणि बसली.

हादग्याचा सातवा दिवस होता म्हणे. अंगणात पोरी खिरापत ओळखत होत्या आणि आत आई जन्मली. हादगा सूर्याच्या हस्त नक्षत्रात, हस्त लागतं साधारण २६-२७ सप्टेंबरला, म्हणून सातवा दिवस येतो २ किंवा ३ ऑक्टोबर. पंचांग लागलंच नाही, अण्णांनी तोंडी काढलं. "दोन घ्यायची का तीन?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "दोन गांधीजींना असू दे. मला तीन चालेल."

सालाचा घोळ मात्र तिचाही मिटला नाही. थोरल्या मामाच्या लग्नाच्या वर्षी एवढंच तिला आठवतं, आणि मामाच्या लग्नाचं साल मामीलाही आठवत नाही.

नागपंचमीला अण्णा मळ्यात जाऊन आले. काय बोललात असं विचारलं तर म्हणाले, "कांद्याचा भाव."

आणि ३ ऑक्टोबरला आम्ही पुन्हा गावी गेलो. नेमकी घटस्थापना होती, आईचा उपास, त्यामुळे केकचं काम नव्हतं. रताळ्याचा कीस आणि बटाट्याची भाजी. दिवे या वेळी अण्णांनी वळले होते. कुणाला हात लावू दिला नाही म्हणे. एकही सरळ नव्हता, पण मोजून सत्तर. आईनं ते निरखून बघितले, परातीत उरलेल्या कणकेचा एक गोळा उचलला आणि आणखी एक वळून शेवटी ठेवला.

"सालाचा घोळ आहे ना," ती म्हणाली. "एक जास्तीचा असू दे."